मुलांच्या शाळेत ॲथलेटिक ट्रेनर आहे का? अमेरिकेतल्या पालकांसाठी

मैदानवाली
३ ऑगस्ट, रात्री ९:२०

ऑगस्ट लागला. आमच्याकडे न्यू जर्सीत शाळा उघडायला अजून महिना आहे, पण फॉल स्पोर्ट्सची प्रॅक्टिस आता सुरू होईल. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं यंदा पहिल्यांदाच हायस्कूलच्या टीममध्ये उतरणार असतील. सॉकर, क्रॉस कंट्री, व्हॉलीबॉल, काहींची अमेरिकन फुटबॉलसुद्धा. फॉर्म भरून होतात, डॉक्टरकडून फिजिकल होतं, नवे क्लीट्स येतात. एक गोष्ट मात्र आपले पालक फारसं कोणी विचारत नाहीत: शाळेत ॲथलेटिक ट्रेनर आहे का, आणि तो प्रॅक्टिसच्या वेळी जागेवर असतो का?

मी एका पब्लिक हायस्कुलात हेच काम करते, त्याआधी एका कॉलेजात करत होते. मंडळाच्या कार्यक्रमांत पालकांशी गप्पा होतात तेव्हा जाणवतं, की हा माणूस काय शिकलेला असतो आणि कोणत्या अधिकाराने मुलाला खेळातून बाहेर काढतो, हे आपल्याकडे नीट पोचलेलं नाही. म्हणून हा धागा.

मुलांकडून व्यायाम करून घेणं, वजनं उचलायला शिकवणं हे स्ट्रेंग्थ कोचचं काम. आम्ही आरोग्यसेवेतले. आमची संघटना, नॅशनल ॲथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन, सगळे तिला नाटा म्हणतात, १९५० साली कॅन्सस सिटीत सुरू झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० साली या पेशाला आरोग्यसेवेत रीतसर स्थान दिलं. काम डॉक्टरांच्या निर्देशाखाली चालतं. टीम फिजिशियनने लेखी ठरवून दिलेलं असतं की कोणत्या दुखापतीत मी काय करायचं, कुठपर्यंत करायचं आणि कधी त्यांना फोन लावायचा.

शिक्षणाचं म्हणाल तर २००४ पर्यंत इंटर्नशिपचे तास भरून परीक्षेला बसायची वाट उघडी होती. मग मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी सक्तीची झाली. आता तर मास्टर्स लागते. २०२२ च्या फॉलनंतर बॅचलर्सच्या अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. या मास्टर्समध्ये शरीररचना, दुखापतींचं निदान, पुनर्वसन, औषधं, तातडीची सेवा आणि प्रत्यक्ष मैदानावर, क्लिनिकमध्ये केलेलं काम. नंतर बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची, म्हणजे बीओसीची, चार तासांची परीक्षा, आणि ती झाली की राज्याचं लायसन्स. शाळेत काम करायचं तर न्यू जर्सीत शिक्षण खात्याचं सर्टिफिकेट वेगळं. एवढ्यावर भागत नाही. दर दोन वर्षांनी ५० तासांचं सततचं शिक्षण दाखवावं लागतं आणि हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचाराचं कार्ड कायम चालू ठेवावं लागतं.

आता रोजच्या कामातली एक गोष्ट सांगते, म्हणजे 'बर्फ लावणारी बाई' एवढंच चित्र डोक्यात राहणार नाही. एखादी मुलगी लंगडत येते, पाय मुरगळला म्हणते. मी दोन्ही पायांतले बूट आणि मोजे काढायला लावते, कारण चांगला पाय शेजारी असल्याशिवाय सुजेचा अंदाज येत नाही. मग घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेने, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, बोटाने दाबत जाते. तसंच आतल्या बाजूने. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीकडे जाणाऱ्या हाडाचं बूड, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड. नेमक्या हाडावर कळ आली, किंवा तिला चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. नाही तर बहुतेक वेळा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, दुखावलेलं असतं आणि पुढचा मार्ग मी आखू शकते. ओटावातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले हे नियम आहेत, आणि त्यामुळे कित्येक मुलांची इमर्जन्सी रूमची फेरी वाचते. मुलीचे डोळे भरून येतात ते दुखण्यामुळे कमी आणि 'शनिवारची मॅच गेली का' या धास्तीने जास्त. तिच्याशी त्या वेळी काय बोलायचं, हेही या कामातच येतं.

पण मला खरी काळजी ऑगस्टची असते. उष्माघाताची. मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ ला उष्माघाताने गेला. व्यावसायिक फुटबॉल खेळाडू, वय २७, ट्रेनिंग कॅम्पमधली प्रॅक्टिस. त्याच्या नावाने २०१० पासून कनेक्टिकट विद्यापीठात संस्था चालते, आणि तिथून एकच गोष्ट सतत सांगितली जाते: आधी थंड करा, मग हॉस्पिटलात न्या. मोठा टब, बर्फाचं पाणी, मुलगा गळ्यापर्यंत आत, पाणी सतत ढवळत राहायचं. साधारण दर तीन मिनिटांना एक डिग्री फॅरनहाइट उतरते. १०२ वर आला की बाहेर काढायचं आणि मग ॲम्ब्युलन्समध्ये. मॅसॅच्युसेट्समधल्या फॅल्मथच्या रस्ता शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ जणांवर असे उपचार झाले, आणि सगळे जगले. सगळे!

तुमच्या मुलाच्या शाळेत हा टब आहे का? तो भरलेला असतो का? विचारा. प्रश्न असतील तर इथेच लिहा, जमेल तशी उत्तरं देते.

सायली_प
३ ऑगस्ट, रात्री १०:०५

फार गरजेचा धागा. माझा मुलगा नववीत जातोय, सॉकर. आमच्या शाळेत फुटबॉलच्या मॅचला ॲम्ब्युलन्स उभी असते, हे मी पाहिलंय. मला वाटायचं तेवढं पुरेसं आहे. सॉकरला मात्र कधी दिसली नाही.

मैदानवाली
३ ऑगस्ट, रात्री १०:४०

सायली, मॅचपेक्षा प्रॅक्टिसचे तास कितीतरी जास्त असतात, आणि उष्माघात बहुतेक प्रॅक्टिसमध्येच होतो. तोही सीझनच्या पहिल्या काही दिवसांत, जेव्हा शरीर उन्हाला सरावलेलं नसतं. म्हणून नाटाच्या शिफारशीप्रमाणे पहिले चौदा दिवस सरावाचे धरतात. पहिल्या पाच दिवसांत दिवसाला एकच प्रॅक्टिस. फुटबॉलला पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्यापासून खांद्याचे पॅड, आणि सगळा सरंजाम सहाव्या दिवसापासून. मुलगा सुट्टीत भारतात जाऊन आला, दोन महिने एसीत बसला आणि थेट प्रॅक्टिसला उभा राहिला, असं आपल्याकडे दर वर्षी होतं. अशा मुलांची नावं मला आधीच कळवत चला. मी त्यांच्यावर वेगळी नजर ठेवते.

पराग_डॅलस
४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मुद्दा पटतो, पण दुसरी बाजू मांडतो. आमची शाळा छोटी आहे, खाजगी, सगळी मिळून पावणेदोनशे मुलं. मी बोर्डावर आहे. ॲथलेटिक ट्रेनरचा पगार आज वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास जातो, वर विमा वगैरे. तेवढ्या पैशात आम्ही एक गणिताचा शिक्षक ठेवतो. आमचे सगळे कोच सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) शिकलेले आहेत, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) भिंतीवर आहे, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. मग तो माणूस नाही म्हणून आम्ही मुलांच्या जिवाशी खेळतोय असं म्हणणं जरा जास्त होतं. देशातल्या साधारण एक-तृतीयांश हायस्कुलांत ही सोय नाही, त्या सगळ्या काही बेजबाबदार नाहीत.

मैदानवाली
४ ऑगस्ट, दुपारी १२:१५

परागजी, बेजबाबदार म्हणायचं नाहीच मला. पैशाची अडचण खरी आहे. पण कोचला सीपीआर येणं म्हणजे ट्रेनर असणं नव्हे, आणि कारण शिक्षण एवढंच नाही. कोचची नजर खेळावर असते, आणि ती तिथेच असायला हवी. अकराजण पळताहेत, त्यातला एक शेवटच्या फेरीत थोडा भेलकांडतो, विचारलं तर चिडून उत्तर देतो. कोचला तो आळशीपणा वाटतो. मला ते डोक्यापर्यंत चढलेल्या उष्णतेचं लक्षण दिसतं. त्या वेळी कोच 'अजून एक' म्हणणार आणि मी 'थांब' म्हणणार. या दोन जबाबदाऱ्या एकाच माणसाच्या गळ्यात घातल्या तर त्याच्यावरही अन्याय होतो.

हॉस्पिटल दहा मिनिटांवर असलं तरी फोन, ॲम्ब्युलन्स येणं, उचलणं, पोचणं, दाखल होणं यात अर्धा तास हा हा म्हणता जातो. आणि उष्माघातात तोच अर्धा तास महत्त्वाचा.

छोट्या शाळांना मार्ग आहेत. बरीच हॉस्पिटलं आणि ऑर्थोपेडिक क्लिनिकं आपले ट्रेनर शाळांना करारावर देतात, दोन शाळा मिळून एक ठेवतात. अर्धवेळ असला तरी काहीच नसण्यापेक्षा फार फरक पडतो, कारण आणीबाणीचा आराखडा तो लिहून देतो, कोचेसकडून रंगीत तालीम करून घेतो. टब मात्र उद्याच घ्या. घोड्यांना पाणी पाजायचा मोठा प्लॅस्टिकचा हौद शेतीच्या दुकानात दीड-दोनशे डॉलरला मिळतो, आणि टेक्सासात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. त्याला गणिताच्या शिक्षकाच्या पगाराला हात लावावा लागत नाही.

डॉ_नीलांबरी
४ ऑगस्ट, रात्री ८:३०

मी ओहायोत फॅमिली मेडिसिनमध्ये आहे, दोन शाळांची टीम फिजिशियन म्हणून काम बघते. वर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला अनुमोदन.

२ जानेवारी २०२३ ची सिनसिनाटीतली ती मॅच आमच्या घरात टीव्हीवर सुरू होती. बफेलो बिल्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा डमार हॅमलिन टॅकल करून उठला आणि दोन पावलांत मागे कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या माराने हृदयाचा ताल बिघडतो, त्यातला प्रकार. डॉक्टर आणि इमर्जन्सीचे लोक सगळे होते, पण छातीवर हात ठेवून सीपीआर सुरू करणारा होता बिल्सचा असिस्टंट ॲथलेटिक ट्रेनर, डेनी केलिंग्टन. हॅमलिन पुढच्या सीझनला पुन्हा खेळला. त्या रात्री लोकांना वाटलं की एका माणसाने शौर्य केलं. शौर्य होतंच, पण त्यामागे प्रत्येक मॅचच्या आधी होणारी बैठक असते: दोन्ही टीमचे ट्रेनर, डॉक्टर, ॲम्ब्युलन्सवाले एकत्र उभे राहून ठरवतात की कोणी डोकं धरायचं, कोणी छाती, कोणत्या गेटने स्ट्रेचर येणार. हायस्कुलातही ही बैठक व्हायला हवी, आणि चांगले ट्रेनर ती करतात.

न्यू जर्सीबद्दल एक भर: तिथे २०१४ पासून शाळांना एईडी आणि लेखी आराखडा ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. चिअरलीडिंगच्या सरावात गेलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीच्या नावाने तो कायदा ओळखला जातो.

निशिगंध_व्हर्जिनिया
५ ऑगस्ट, सकाळी ९:४५

मला वेगळा अनुभव आलाय आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलगी सॉकर गोलकीपर, मागच्या वर्षी अकरावीत होती. तेव्हा गोलपोस्टला डोकं आपटलं. पाच मिनिटं जरा गरगरलं, मग ठीक. शाळेच्या ट्रेनरने तिथल्या तिथे बाहेर काढलं आणि पुढे जवळजवळ तीन आठवडे खेळू दिलं नाही. आमच्या पेडिॲट्रिशियनने चार दिवसांत लिहून दिलं की मुलगी ठीक आहे. तरी त्या ट्रेनरने 'पायऱ्या पूर्ण करा' म्हणून अडवलं. मध्ये कॉलेजच्या कोचेससमोर खेळायची एक स्पर्धा गेली. अकरावीतली ती स्पर्धा म्हणजे काय असते हे ज्यांची मुलं खेळतात त्यांना सांगायला नको. डॉक्टरच्या वर हा माणूस कोण? लायसन्स कितीही असो, एमडीपुढे मास्टर्स काय?

मैदानवाली
५ ऑगस्ट, दुपारी १:३०

निशिगंधताई, स्पर्धा गेल्याचं दुःख खोटं नाही. मुलांनी वर्षभर घाम गाळलेला असतो, घरच्यांनी शनिवार-रविवार गाडीत घालवलेले असतात.

पण त्या ट्रेनरची बाजू सांगते, कारण त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. मेंदूला मार बसल्यावर परत खेळण्याच्या सहा पायऱ्या आहेत, जगभर मान्य असलेल्या. आधी घरातली, शाळेतली रोजची कामं. मग सायकल किंवा चालणं. मग खेळातल्या हालचाली, पण एकटीने. मग टीमबरोबर, पण धक्का नाही. मग डॉक्टरच्या परवानगीने पूर्ण प्रॅक्टिस. मग मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. मध्ये डोकं दुखलं, प्रकाश सहन झाला नाही, तर त्या दिवशी थांबून मागच्या पायरीवर. मुलगी रोज त्याच्यासमोर सायकल चालवत होती, आणि दहाव्या मिनिटाला तिच्या कपाळावर आठी पडली का, हे तोच बघत होता. पेडिॲट्रिशियनने तिला शांत खोलीत, टेबलावर बसलेली पाहिलं. दोघंही खरंच सांगत असतील, पण दोघांनी वेगवेगळ्या अवस्थेतली मुलगी पाहिली.

या नियमांमागे एक मुलगा आहे. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांच्या झॅकरी लिस्टेटच्या डोक्याला फुटबॉल खेळताना मार बसला, तो थोडा वेळ बाहेर बसला आणि त्याच मॅचमध्ये पुन्हा उतरला. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पुढे कित्येक महिने बोलणं नाही, हालचाल नाही. त्याच्या नावाचा कायदा २००९ साली झाला: संशय आला तरी बाहेर काढायचं, आणि लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. नंतरच्या पाच वर्षांत सगळ्या पन्नास राज्यांनी अशा प्रकारचे कायदे केले. गोलकीपर पुन्हा पुन्हा जमिनीवर पडते, पोस्टला आपटते. तिच्या बाबतीत तो अधिक सावध राहिला, हे मला योग्य वाटतं.

आणि ज्यांच्याकडे सगळी साधनं असतात तिथेही घाई होते. २०२२ च्या सप्टेंबरात मायामीच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा टुआ टागोवायलोआ मॅचमध्ये डोकं आपटून उठताना लडखडला, तरी त्याच मॅचमध्ये परत खेळला, आणि चारच दिवसांनी सिनसिनाटीत पुन्हा कोसळला. त्यानंतर एनएफएलने, म्हणजे त्या व्यावसायिक लीगने, नियम बदलला, आता तोल गेलेला दिसला की त्या दिवशी खेळ बंद.

डॉ_नीलांबरी
५ ऑगस्ट, रात्री ९:१०

निशिगंध, डॉक्टर म्हणून मी एवढंच सांगेन की 'ठीक आहे' असं पत्र देण्याआधी मी शाळेच्या ट्रेनरला फोन करते. नेहमी. रोजच्या नोंदी त्याच्याकडे असतात, सीझनच्या आधी कॉम्प्युटरवर घेतलेल्या बेसलाइन चाचणीचे (मार बसण्याआधी मेंदू कसा चालतो त्याचे) आकडे त्याच्याकडे असतात. माझ्यासमोर मुलं खोटं बोलतात, कारण त्यांना खेळायचं असतं. त्याच्यासमोरही बोलतात, पण तो रोज बघतो.

निशिगंध_व्हर्जिनिया
६ ऑगस्ट, सकाळी ८:००

उत्तरांबद्दल दोघींचे आभार. माझा राग सगळा गेलाय असं नाही म्हणत. पायऱ्यांबद्दल त्या वेळी आम्हाला कोणी एवढं समजावून सांगितलं नाही, फक्त 'प्रोटोकॉल आहे' म्हणाले. हे जर पहिल्याच दिवशी कागदावर मिळालं असतं तर घरात एवढी भांडणं झाली नसती.

मैदानवाली
६ ऑगस्ट, सकाळी ११:२५

हे अगदी मान्य. पालकांना पहिल्या दिवशी तारखांसकट कागद मिळायलाच हवा. आमच्या पेशातल्या सगळ्यांनी हे ऐकायला हवं.

अभिषेक_फिजिओ
६ ऑगस्ट, रात्री ११:५० (पुण्याहून)

नमस्कार ताई. मी पुण्यात बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) करून स्पोर्ट्समध्ये मास्टर्स केलंय, कबड्डी आणि खो-खोच्या टीमबरोबर काम करतो. आपल्याकडे ट्रेनर म्हणजे फिटनेस करून घेणारा. क्रिकेट संघातही फिजिओ वेगळा आणि ट्रेनर वेगळा. मैदानावरची दुखापत, टेपिंग, रिहॅब सगळं फिजिओच बघतो. म्हणजे तुमचं काम आणि माझं काम जवळजवळ तेच. मला तिकडे येऊन बीओसीची परीक्षा देता येईल का? माझी काउन्सिलची नोंदणी आहे, चार सीझनचा अनुभव आहे.

मैदानवाली
७ ऑगस्ट, सकाळी ७:३०

अभिषेक, थेट नाही. बीओसीला बसायचं तर इथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमातूनच मास्टर्स लागते. परस्पर मान्यता आहे ती कॅनडा, आयर्लंड अशा मोजक्या देशांच्या संघटनांशी, भारताशी नाही. तुझी पदवी प्रवेशासाठी उपयोगी पडेल, शरीररचना, फिजिऑलॉजीचे विषय झालेलेच असतील. पण दोन वर्षं आणि भरपूर फी हे गृहीत धर. ॲडमिशन घेण्याआधी त्या कार्यक्रमाची मान्यता चालू आहे ना, ते मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः तपास, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस.

दुसरा रस्ता फिजिकल थेरपिस्ट म्हणून लायसन्सचा. त्यात तुझ्या पदव्यांची तपासणी होते, कमी पडलेले विषय पुरे करावे लागतात आणि एनपीटीई ही फिजिकल थेरपीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. पगार त्यात जास्त आहे. मैदान हवं की क्लिनिक, हे आधी स्वतःला विचार. माझ्याबरोबरचे काहीजण दोन्ही लायसन्स ठेवून आहेत.

कामाबद्दल म्हणशील तर खरंच बरंच सारखं आहे. फरक आणीबाणीत पडतो. आमच्या शिक्षणात हेल्मेटचा फेसगार्ड काढणं, मान स्थिर धरून मुलाला बोर्डवर घेणं, बर्फाच्या टबात उतरवणं याचा इतका सराव करून घेतात की झोपेतून उठवलं तरी हात चालावेत. कबड्डीत मानेवर पडणारी मुलं तू पाहिली असशील. तुमच्याकडे मॅटच्या बाजूला बोर्ड आणि मानेचा पट्टा असतो का?

अभिषेक_फिजिओ
७ ऑगस्ट, दुपारी २:१५

मोठ्या लीगमध्ये सगळं असतं. जिल्हा स्पर्धेत आम्ही स्वतःची बॅग घेऊन जातो, त्यात टेप, स्प्रे, बँडेज. मानेचा पट्टा मी स्वतःच्या पैशाने घेतलाय. बोर्ड नसतो. कोणी पडलं की चारजण धावत येऊन हातपाय धरून उचलतात, आणि त्यांना थांबवणं हेच माझं पहिलं काम असतं. तुमच्याकडची मान धरायची पद्धत मला नीट शिकायची आहे. तुम्हाला वेगळा निरोप पाठवतो.

रेवा_सनीवेल
७ ऑगस्ट, रात्री १०:३०

कॅलिफोर्नियात काय परिस्थिती आहे? इथे लायसन्सच नाही असं ऐकलं.

मैदानवाली
८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

रेवा, बरोबर ऐकलंयस. बाकी सगळ्या राज्यांनी या पेशाचं नियमन केलं तरी कॅलिफोर्निया वर्षानुवर्षं एकटं मागे राहिलं. विधेयकं पुन्हा पुन्हा आली आणि अडली. त्यामुळे तिथे पालकाने स्वतः खात्री करणं जास्त गरजेचं. बीओसीच्या वेबसाइटवर नाव टाकलं की त्या माणसाचं सर्टिफिकेट चालू आहे की नाही ते दिसतं, फुकट. मिनिटभराचं काम आहे. यात कोणाचा अपमान नाही, माझं नाव कोणी तपासलं तर मला बरंच वाटेल.

पराग_डॅलस
८ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

काल बोर्डाच्या मीटिंगमध्ये विषय काढला. हौद घ्यायला कोणाचीच हरकत नाही, बर्फाचं मशीन कॅफेटेरियात आहे. जवळच्या ऑर्थोपेडिक क्लिनिकशी कराराबद्दल बोलायचं ठरलं. एका मेंबरने मात्र विचारलं, की ट्रेनर असूनही मुलं गेलीच ना? मेरीलँडचं उदाहरण दिलं. मला उत्तर देता आलं नाही.

मैदानवाली
८ ऑगस्ट, रात्री ९:५०

त्यांचा प्रश्न योग्य आहे. जॉर्डन मॅकनेअर, मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉल खेळाडू. २९ मे २०१८ ला पळण्याच्या सरावात कोसळला, १३ जूनला गेला. तिथे ट्रेनर होते. चौकशीत निघालं की उष्माघात वेळेत ओळखला गेला नाही आणि त्याला बर्फाच्या पाण्यात घातलंच नाही. विद्यापीठाने जबाबदारी स्वीकारली. आमच्या पेशातला प्रत्येक जण तो अहवाल वाचतो, वाचायलाच हवा.

म्हणून नुसतं 'आमच्याकडे ट्रेनर आहे' यावर समाधान मानू नका. करार करताना लिहून घ्या की खेळायचं की नाही याचा शेवटचा शब्द त्याचा आणि टीम फिजिशियनचा. कोचचा नाही, आणि बोर्डाचाही नाही. मोठ्या कॉलेज कॉन्फरन्सेसनी २०१६ साली हेच नियमात घातलं: वैद्यकीय निर्णयात कोचला ढवळाढवळ करता येणार नाही. ज्याची नोकरी कोचच्या मर्जीवर आहे तो माणूस ३५ अंश सेल्सियसच्या उन्हात प्रॅक्टिस थांबवायला कचरतो, हे मी जवळून पाहिलंय. त्याला बळ द्यायचं तर ते कागदावर द्यावं लागतं. आणि प्रॅक्टिस थांबवायचा आकडाही आधी ठरवा. हवा, दमटपणा आणि ऊन तिन्ही मोजणारं वेट बल्ब ग्लोबचं यंत्र मिळतं. आकड्याशी कोणी वाद घालत नाही.

सायली_प
९ ऑगस्ट, सकाळी ८:१५

आमच्या ॲथलेटिक डायरेक्टरांना मेल केली होती, उत्तर आलं. पूर्णवेळ ट्रेनर आहेत, टब आहे, आराखड्याची प्रतही पाठवली. सोबत एक संमतीपत्र आलंय: उष्माघाताचा संशय असेल तर गुदद्वारातून ताप मोजायची परवानगी. नवरा म्हणतो, कानाचं किंवा कपाळाचं थर्मामीटर चालणार नाही का? चौदा वर्षांचा मुलगा आहे, त्याला किती लाजिरवाणं होईल. मलाही सही करताना हात अडखळतोय.

मैदानवाली
९ ऑगस्ट, दुपारी १२:००

सायली, हा संकोच प्रत्येक घरात असतो, अमेरिकन घरांतही. पण पळून आलेल्या, घामाने भिजलेल्या मुलाच्या कपाळाचं किंवा कानाचं तापमान आतल्या तापाबद्दल काहीच खात्रीचं सांगत नाही. कपाळ १०० दाखवेल आणि आत १०७ असेल. मैदानावर खात्रीचा आकडा याच एका पद्धतीने मिळतो. चादर धरून आडोसा करतात, एक मोठा माणूस साक्षीला असतो, बाकीची टीम दूर पाठवतात. त्या अवस्थेतल्या मुलाला बहुधा भानही नसतं. थर्मामीटर पातळ, लवचिक वायरचा असतो आणि टबात असतानाही आतच ठेवतात, म्हणजे १०२ कधी झालं ते कळतं आणि मूल गरजेपेक्षा जास्त गारठत नाही.

सही करा. आणि मुलाला घरीच, शांतपणे, हे काय आहे ते आधी सांगून ठेवा.

सायली_प
९ ऑगस्ट, रात्री ९:३०

केली सही, दोघांनी. मुलालाही सांगितलं, तो 'ओके' म्हणाला आणि जेवायला बसला. अजून एकच विचारते. त्याला थोडा दमा आहे, इन्हेलर दप्तरात असतो. प्रॅक्टिसला तो नर्सकडे ठेवायचा का?

मैदानवाली
९ ऑगस्ट, रात्री १०:१०

नर्सचं ऑफिस शाळा सुटल्यावर बंद होतं, त्यामुळे तिथे ठेवलेला इन्हेलर प्रॅक्टिसला उपयोगाचा नाही. दोन घ्या. एक त्याच्या खेळाच्या बॅगेत, बाहेरच्या कप्प्यात, आणि दुसरा नाव लिहून ट्रेनरकडे. डॉक्टरकडून अस्थमा ॲक्शन प्लॅनचा फॉर्म भरून आणा, त्यात 'स्वतःजवळ बाळगायला परवानगी' या रकान्यावर खूण हवी. एक्स्पायरीची तारीख बघून घ्या. पहिल्या प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं लवकर जाऊन ट्रेनरला मुलासमोरच हे सगळं द्या, म्हणजे कोणाकडे जायचं हे त्याला माहीत होईल.